बाण

रिओनी नदीवरच्या पांढऱ्या पुलापासून चौथं दुकान,
नाझिब्रोलाबाईंचं, औषधांचं.
सकाळी साडेआठला फोन:
"ये लवकर. बाण पुन्हा हिंडायला लागलाय."

गेलो तर बाई काउंटरमागे उभ्या,
दोन्ही हात पाठीशी, विटाळ होईल अशा,
आणि पडद्यावर बाण एकटाच निघालेला:
खोकल्याच्या औषधावरून इन्सुलिनवर,
तिथून तडक कोपऱ्यात,
कोपऱ्यात डोकं आपटून माघारी.
अंगात आल्यासारखा.

काल त्याने बातुमीहून चाळीस एनिमा मागवले.
"चाळीस!" बाई म्हणाल्या.
"अख्ख्या कुतैसीत एवढी पोटं तुंबलेली नाहीत."

मी माझं नेहमीचं सुरू केलं.
माउस उताणा केला, भिंगावर फुंकर मारली,
चिमट्याने एक केस काढला, मांजराचा असावा.
काउंटर काचेचा; काचेवर लाल उजेडाला
पाय रोवायला जागा मिळत नाही कधी कधी,
म्हणून खाली परवाचं वर्तमानपत्र सरकवलं.
बॅटरी बदलली.
ड्रायव्हर काढला, परत घातला.
व्हायरस शोधले. तीन निघाले, तिघेही गरीब.
कुणी लांबून हलवत असेल म्हणून
इंटरनेटची वायरच उपटली.
शेवटी माउस बंद करून खिडकीत ठेवला,
एरंडेलाच्या बाटल्यांशेजारी.

बाण चालतच होता.

इथे मला जरा घाम फुटला, खोटं कशाला सांगू.
शेजारचा तामाझ चप्पल-दुरुस्ती सोडून बघायला आलेला,
म्हणाला, पाद्र्याला बोलाव, तीर्थ शिंपडेल.
म्हटलं, कीबोर्ड सोडून कुठेही शिंपडू दे.

"चहा टाकते," म्हणून बाई आतल्या खोलीत गेल्या.
बाण त्यांच्या चालीने गेला:
दोन हिसके, एक वळसा, पायरीशी धक्का.
मग आत स्टूल करकरलं,
आणि बाण शांत झाला.
थांबला नाही, शांत झाला.
बोटभर वर. बोटभर खाली.
वर.
खाली.
किटली तापेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो,
तामाझने टोपी काढली, का ते त्यालाही कळलं नसेल.
आतून खोकला आला.
बाण ताडकन उडाला.

"बाई," मी ओरडलो, "खिशात काय आहे?"

किल्ल्या. रुमाल. कागदात गुंडाळलेली
द्राक्षरसात बुडवलेली अक्रोडांची माळ, अर्धी खाल्लेली.
आणि जुना माउस. करडा, बटणं झिजून चकचकीत,
पोटाखाली लाल दिवा जागा.

मंगळवारी नवा आणला, तेव्हा हा टाकायला निघाल्या होत्या.
कचराकुंडीपर्यंत गेल्याही.
"चालत होता रे अजून. चालती वस्तू टाकवते का?"
आणि त्याचा नखाएवढा रिसीव्हर
संगणकाच्या पाठीला, धुळीत,
मंगळवारपासून इमानाने ऐकत बसलेला:
बाई वाकल्या, बाई वळल्या,
बाई काउंटरला टेकल्या की क्लिक.
चाळीस वेळा टेकल्या असतील; दिवसभर उभं राहायचं म्हणजे.

मी सगळा डोंगर पोखरून झालो होतो,
आणि उंदीर ॲप्रनमध्ये.

रिसीव्हर ओढला. बाण जिथल्या तिथे.
तामाझ हसत हसत गेला, दुपारपर्यंत गल्लीभर सांगेल.

बाई थांबलेल्या पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या.
"मी आत बसले होते तेव्हा काय दिसत होतं?"
म्हटलं, वर-खाली. श्वास.
"एकसारखा?"
औषधं विकणाऱ्या बाईला खोटं सांगता येत नाही.
"मध्ये एकदा थांबला होता. थोडाच."
"हं," त्या म्हणाल्या. "तो जुनाच आहे."

वीस लारी मोजून दिले. चहा फार गोड होता.
जुना माउस बंद करून परत खिशातच ठेवला.
मग नव्याने, सावकाश, एकेक क्लिक ऐकत,
चाळीसातले अडतीस रद्द केले.
दोन असू देत म्हणाल्या,
हिवाळा आहे.